कॉलेज बघायचा कार्यक्रम

आमच्या घरात न बघता काही घ्यायची पद्धतच नव्हती. म्हैस घ्यायची तर सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही धारा आपल्या डोळ्यांसमोर काढायला लावायच्या. कुकर घ्यायचा तर शिरूरच्या बाजारपेठेत, दुकानदार हात जोडत असताना, त्यात पाणी घालून शिट्टी होऊ द्यायची. आणि सोयरीक करायची तर आत्याला पाठवायचं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं होतं, पण मला कळायला लागायच्या आधीच ती पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परत आली होती, आणि का आली हे आमच्याकडं कुणी बोलत नसे. आल्यापासून मात्र तिनं पंचक्रोशीतल्या पोरींची लग्नं जमवायचं काम असं हातात घेतलं, की इनामगावापासून मांडवगण फराट्यापर्यंत कुठल्याही घरी 'त्या येणार हायेत' असं नुसतं कळलं तरी नवऱ्या मुलाची आई माळ्यावरची जळमटं काढायला लागायची. आत्या मुलाकडं फारसं बघायचीच नाही. "पोरगं काय, त्या दिवशी आंघोळ करून बसल्यालंच असतं," म्हणायची. ती बघायची पाण्याचा माठ, मोरीतला टॉवेल, आणि त्या घरची थोरली सून चहा घेऊन आली की तिचे डोळे. निघताना शेजारच्या घरात 'जरा पाणी द्या वो बाई' म्हणून शिरायची ती त्या घराचा सगळा इतिहास पदरात बांधून बाहेर यायची.

दादा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. कुठल्या आळीला कधी पाणी येणार, मोटार जळाली की वीज गेली, हे सगळं पंचायतीच्या गच्चीवरच्या कर्ण्यावरून गावाला सांगायचं असे. दादा पारावर चांगले गप्पा मारायचे, पण माईक समोर आला की त्यांचा घसा बसायचा. एकदा 'हॅलो' म्हणून जे थांबले ते थांबलेच. खालच्या आळीतल्या बायका हंडे घेऊन नळाजवळ उभ्या राहिल्या, कारण 'हॅलो' म्हणजे पाणी असा त्यांचा समज झाला. तेव्हापासून, म्हणजे मी सातवीत असल्यापासून, माईक माझ्याकडं आला. आणि माझ्या हातात आला म्हटल्यावर मी काय नुसतं पाणी सांगते होय! कुणाची शेळी हरवली तर "काळी शेळी, डाव्या कानाला चीर, स्वभावानं भांडखोर, सापडल्यास जपून धरावी" असं सांगायचे. संध्याकाळी चुलीवर शेंगोळी रटरटत असायची, बाहेर धारेचा आवाज चालू असायचा, आणि घरी आले की आई पळीनं शेंगोळी ढवळत म्हणायची, "आज लई लांबवलंस गं. पर ते भांडखोर म्हणलीस ते बेस झालं." आज मी ज्या खुर्चीवर बसून बोलते तिथं हजारो लोक ऐकतात म्हणे, पण आईइतकी चोख समीक्षा मला पुन्हा मिळाली नाही.

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या मराठीच्या सरांनी डोक्यात किडा सोडला, की बोलण्याचीसुद्धा पदवी असते. प्रसारण आणि डिजिटल माध्यम, तीन वर्षांची, रीतसर विद्यापीठाची. मी त्या रात्री जेवताना सांगितलं. दादा म्हणाले, "म्हंजी टीव्हीत दिसती का मग?" मी म्हणाले, दिसतेच असं नाही, कॅमेऱ्याच्या मागं पण काम असतं. "मागंच बसायचं तर हितंच बस की," आई म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी दोन शेंगोळी वाढली. आमच्यात ज्याला नकार द्यायचा त्याला आधी पोटभर वाढतात. पण दादांनी बोटं चाटून पुसली आणि मग निकाल दिला. कॉलेज चांगलं आणि आपल्या ऐपतीतलं मिळालं तर जा. नाही मिळालं तर चुलतबहिणीबरोबर शिरूरला बी.कॉम. आणि बी.कॉम. म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. चुलतबहिणीची दुसऱ्या वर्षाची परीक्षा व्हायच्या आत तिच्यासाठी पोहे भिजले होते. म्हणजे या उन्हाळ्यात एकतर मी कॉलेज बघणार होते, नाहीतर लवकरच कुणीतरी मला बघायला येणार होतं. माझी तर पाचावर धारण बसली.

कॉलेज बघायचं म्हटल्यावर आत्या निघणार हे ठरलेलंच. तिनं पेटीतलं इरकल लुगडं काढलं. दौंडहून माझा मामा त्याची जुनी व्हॅन घेऊन आला. मामा कुरकुंभच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होता आणि जगाकडं बघायची त्याची एकच नजर होती: पास का रिजेक्ट. आईनं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे बांधून दिले. दादांनी धुतलेली टोपी घातली. अमावस्या टाळून, मंगळवार टाळून आम्ही निघालो. व्हॅनमध्ये सगळे इतके गंभीर होते, की वाटेत एका ओळखीच्यानं हात करून विचारलं, "कुणाची सोयरीक म्हणायची?" आणि आत्यानं खिडकीतून सांगितलं, "जमली की सांगू."

पहिलं स्थळ हमरस्त्यावरचं होतं. सगळी इमारत काचेची, आत शिरल्याबरोबर थंडी वाजायला लागली. कोट घातलेल्या एका तरुणानं आम्हाला कोचावर बसवलं, दादांना 'सर' म्हटलं, आत्याला 'मॅडम' म्हटलं, आणि समोर काजू-बदामाची बशी ठेवली. आत्यानं बशीकडं असं बघितलं जसं काही त्यात विंचू होता. माझ्या कानाला लागून म्हणाली, "आल्या आल्या काजू ठेवत्यात तिथं पोरात खोट असती, ध्येनात ठेव." भिंतीवर दात काढून हसणाऱ्या पोरापोरींचे मोठमोठे फोटो होते. आत्यानं विचारलं, "ही कुठल्या गावची?" तरुण म्हणाला, "आमचे स्टुडंट्स आहेत, मॅडम." "आवो व्हय, पर गाव कुठलं? यातल्या एकाच्या घरी आमाला नेता का? च्या न्हाई पिणार, नुसतं बोलू." तो तरुण हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. आत्यानं आयुष्यात चेष्टा केली नव्हती.

मग स्टुडिओ दाखवला. हिरवा पडदा, मोठमोठे दिवे, तीन पायांवर उभा कॅमेरा. माझे डोळे तर दिपलेच. आत्यानं विचारलं, "ह्यो पडदा हिरवा कशापायी?" तरुणाला हा प्रश्न फारच आवडला. "मॅडम, तिथं मागं काहीही दाखवता येतं! समुद्र, पर्वत, परदेश!" "म्हंजी जे न्हाईच ते दाखवता येतं." "एक्झॅक्टली, मॅडम!" "कळलं," आत्या म्हणाली. मग तिनं कॅमेऱ्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट दादांना दाखवलं. बोटावर धुळीचा थर होता. "आता चालवून दाखवा," मामा म्हणाला. "आमच्या कंपनीत ट्रायल घेतल्याबिगर मशीन पास होत न्हाई." चालवणारा रजेवर होता. बॅटरी दुरुस्तीला होती. दिवे लावले की म्हणे आख्ख्या मजल्याची वीज जाते. "रिजेक्ट," मामा तिथंच म्हणाला, चांगलं मोठ्यानं. आणि मग फीचा आकडा आला. दादांनी हातातला पाण्याचा ग्लास हळूच खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. त्याचेही पैसे लावतील की काय असं त्यांना वाटलं असावं. परतताना रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली आणि सगळ्यांच्या अंगात पुन्हा ऊब आली.

दुसरं स्थळ एका मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत होतं. सहा महिन्यांत पत्रकार करून देणारे एक सर होते. पदवी नव्हती, प्रमाणपत्र होतं, पण ते लॅमिनेट करून देणार होते. "आधी शिकवा, मग लॅमिनेट करा," असं म्हणून आत्या जिना उतरायला लागली ती त्यांचं उत्तर ऐकायला थांबली नाही.

तिसरं दौंडला होतं, मामानंच शोधलेलं. जुनं अनुदानित कॉलेज, दगडी पायऱ्या, आणि रेल्वेच्या रुळांना जवळजवळ टेकलेलं. हा विषय तिथं नवीनच सुरू झाला होता आणि त्याच्या वाट्याला मागच्या बाजूच्या दोन खोल्या आल्या होत्या. विभागाच्या प्रमुख साळवे मॅडम खाली बसून कसलीतरी वायर जोडत होत्या. त्यांनी वर बघून सांगितलं, "बसा, एवढं हातातलं संपवते," आणि खरंच संपवूनच उठल्या. काजू नाहीत, बदाम नाहीत. आतल्या खोलीच्या चारही भिंतींना अंड्याचे कागदी ट्रे चिकटवलेले होते. आत्या माळकरी. ती उंबऱ्यातच थबकली. "बाई, ह्ये काय ओ?" मॅडम म्हणाल्या, "आतला आवाज घुमू नये म्हणून. विकतचं परवडत नाही आम्हाला, पण यानं काम भागतं. रिकामे आहेत हो सगळे." मामानं भिंतीवर दोन ठिकाणी टिचकी मारली, कान लावला आणि पहिल्यांदाच मान हलवली.

तेवढ्यात एक गंमत झाली. मॅडम फी सांगत होत्या, आणि बोलता बोलता वाक्याच्या मधेच एकदम गप्प झाल्या. कोपऱ्यातली दोन पोरंही होती तशी थांबली. आम्हाला कळेना काय झालं. मग लांबून गाडी आली, धडधडत खिडक्या हलवत गेली, आणि ती गेल्यावर मॅडमनी वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुरं केलं. दौंड जंक्शनच ते. तिथल्या सगळ्यांना सवयच होती, गाडी जाईस्तोवर बोलायचं नाही. फी म्हणाल तर एका म्हशीच्या दुधात बसण्यासारखी होती आणि शिवाय सवलत मिळणार होती. आत्या म्हणाली, "चालवून दाखवा." मॅडमनी तिलाच आत बसवलं, पदरावरून कानाला ते मोठे हेडफोन लावले आणि म्हणाल्या, "बोला काहीही." आत्या, जिनं शंभर घरांत तोंड चालवलं होतं, ती अवघडून म्हणाली, "मी काय बोलू? मला कोण इचारतंय?" मॅडमनी तेवढंच तिला परत ऐकवलं. आपलाच आवाज ऐकून आत्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "येवढा बारीक हाय व्हय माझा आवाज," आणि उठून बाहेर गेली.

नंतर मॅडमनी मला बसवलं. खिडकीतून दिसतंय ते सांग म्हणाल्या. खिडकीतून दिसत होती एक गाय, आणि ती फाटकावर लावलेला त्या काचेच्या कॉलेजचा कागदी जाहिरात-फलक शांतपणे खात होती. मी सगळं सांगितलं. हसणाऱ्या मुलीचा डावा गाल गेला, आता उजवा चालू आहे, 'शंभर टक्के नोकरी'तले पन्नास टक्के खाऊन झाले, वगैरे. पोरं हसायला लागली. मॅडमही हसल्या, माझं नाव आणि दादांचा नंबर लिहून घेतला, हातात फॉर्म दिला आणि म्हणाल्या, "छान. हा भरून आणून द्या. मग यादी लागेल, कळेल तुम्हाला."

आणि इथंच आमच्या घोड्यानं पेंड खाल्ली. घरी आल्यावर आत्यानं पसंती दिली. "माठ भरल्याला हुता, वर झाकण हुतं. बाई आली की पोरं उठत हुती पर भीत न्हवती. घर चांगलं हाय." मी आनंदानं पेन घेऊन आले तर तिनं फॉर्म घडी करून आपल्या पिशवीत टाकला. म्हणाली, "त्यांनी पोरगी बघितली, बोलून बघितली, नाव लिवून घेतलं. आता आपण मुलीकडचे. निरोप त्यांच्याकडनं यायचा. आपणच फारम घेऊन धावलो तर गळ्यात पडल्यासारखं दिसतं." मी म्हणाले, आत्या, कॉलेजचं असं नसतं गं! "समद्यांचं आसंच असतं," आत्या म्हणाली. आणि दादांनी मान डोलावली! आज हे लिहिताना हसू येतंय, पण खरं सांगते, चार दिवसांनी मलाही ते पटायला लागलं होतं. वाटायचं, मॅडमना आपण आवडलो असतो तर त्यांनी फोन नसता का केला?

मग घरात वाट बघणं सुरू झालं. दादा घरी असले की त्यांचा मोबाईल देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला. तो वाजला की आई पदराला हात पुसत येई. वाजायचा रोज, पण काचेच्या कॉलेजचा. "सर, सीट्स भरत आल्यात, आज बुक केलं तर डिस्काउंट." आत्या ऐकून म्हणायची, "बघा, रोज फोन करत्यात. कुठंच जमंना झालंय त्यांचं." दौंडचा फोन येईना. दादा चुलतबहिणीकडं बी.कॉम.ची चौकशी करायला लागले. मी कर्ण्यावर नुसतं पाणी सांगायला लागले, शेळ्यांचे स्वभाव सांगायचे सोडून दिले. आईनं विचारलं, "आवाज का उतरलाय गं?" मी हंडा उचलून बाहेर आले. मला रडू येत होतं.

एका दुपारी मी वस्तीच्या पलीकडं कांद्याच्या रानात खुरपत होते. मामा पहिली पाळी संपवून घरी जाताना सहज कॉलेजवरून गेला आणि फाटकावरचा कागद वाचून त्यानं तिथूनच दादांना फोन केला. "दाजी, आज प्रवेशाचा शेवटचा दिस हाय! पाचला खिडकी बंद! फॉर्म दिला का न्हाई?" दादा तेव्हा पंचायतीत व्हॉल्व्हची किल्ली घेऊन उभे होते. मी रानात, आत्या कुठं ते ठाऊक नाही, आणि मोबाईल घरात तेवढा एकच, तोही त्यांच्याच हातात. समोर होता फक्त माईक.

आणि मी कांद्याच्या वाफ्यात बसलेली असताना कर्ण्यातून शिट्टी आली, मग खाकरणं आलं, आणि मग माझ्या बापाचा आवाज. "हॅलो. हॅलो. म... मी पाणीवाला बोलतोय. पाण्याचं काय न्हाई. हंडे आणू नका. रोहिणी, आगं रोहे, जिथं आसशील तिथनं घरी ये. दौंडच्या कॉलेजाचा आज शेवटचा दिस हाय. फारम आत्याच्या पिशवीत हाय. आत्या कुठं हाय ते कुणाला ठावं आसंल तर तिलाबी धाडा. आमची चूक झाली, आमी वाट बघत बसलो. पळ, बाळा." मी खुरपं तिथंच टाकलं. पळता पळता वरून पुन्हा आवाज आला, कारण दादांना माईक बंद करायचं सुचलं नव्हतं. आख्ख्या गावानं त्यांना ग्रामसेवकाला विचारताना ऐकलं, "जमलं का वो मला?"

आत्या शेजारच्या वस्तीवर एका मुलीच्या बघायच्या कार्यक्रमात होती. पाहुणे बसलेले, मुलगी पोह्यांची बशी देत होती, आणि वरून कर्ण्यातून तिलाच हाक. ती तटकन उठली. "तुमचं बघत बसा, माझं घरचं निघालंय," असं पाहुण्यांना म्हणाली आणि पोह्याच्या बशीसकट बाहेर पडली. दूध गोळा करणारा पिकअपवाला कर्णा ऐकून आमच्या दारात आधीच येऊन थांबला होता. दादा पुढं बसले, आत्या आणि मी मागं रिकाम्या कॅनांत. गावातून जाताना ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "रोहे, फारम घेतला का?" आणि आत्या प्रत्येकाला पिशवी उंच करून दाखवत होती. गाव सुटल्यावर कॅन वाजत होते, मी गुडघ्यावर फॉर्म ठेवून नाव-गाव भरत होते. त्या फॉर्मवरचं माझं अक्षर पुढं तीन वर्षं ऑफिसात चेष्टेचा विषय होता.

आम्ही पोचलो तेव्हा कारकून खिडकीची फळी ओढतच होते. मामानं त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवलं होतं. कारखान्यातल्या मालाच्या तपासणीवर तो कितीही वेळ बोलू शकतो. साळवे मॅडम तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, किती वाट बघितली मी! मुलगी मला इतकी आवडली होती, पण तुम्ही पुन्हा फिरकलाच नाहीत. मला वाटलं, तुम्हालाच कॉलेज पसंत नाही." आत्यानं कपाळावर हात मारला. "आवो बाई, आमी मुलीकडचे! निरोप तुमच्याकडनं यायचा का आमच्याकडनं?" मॅडमना जे हसू फुटलं ते आवरेना.

दादांनी पालकाच्या जागी सही केली. मग मी पेन टेकवणार तेवढ्यात आत्यानं माझा हात धरला. "थांब." कारकून म्हणाले, "आता काय राहिलं मावशी? पाच वाजले." आत्यानं तोंड उघडलं, आणि नेमकी गाडी आली. कारकून, मॅडम, पाठीमागची पोरं, सगळे सवयीनं गप्प. मालगाडी होती, संपता संपेना. त्या सगळ्या वेळात आत्यानं माझा हात सोडला नाही. गाडी गेली तशी ती म्हणाली, "रोहे, आमी समद्यांनी बघितलं. मी बघितलं, मामानं बघितलं, ह्या बाईंनी तुला बघितलं. तुला कुणी इचारलंच न्हाई. तुला पसंत हाय का?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मला इचारलं न्हवतं. काजूची बशी ठिवली आन् तुझ्या दादांनी आन् आज्यानं हो म्हणून टाकलं."

माझ्या वडिलांनी मान खाली घातली. मी, जिचा आवाज तीन वाड्यावस्त्यांवर जायचा, त्या मला बोलता येईना. कारकून बिचारे चुळबुळत म्हणाले, "अहो लवकर करा, मला फळी लावायचीये." तशी आत्या त्यांच्याकडं वळली. तिचा तो बारीक आवाज त्या दगडी व्हरांड्यात खणखणीत वाजला. "थांबा वो. पोरगी बोलतीय."

"पसंत हाय," मी म्हणाले.

त्यानंतर आत्यानं पिशवीतून ती पोह्यांची बशी काढली, आणि सगळ्यांना, कारकुनांनासुद्धा, चिमूट चिमूट पोहे दिले. बशी त्या घरची होती. ती परत करायला आम्हाला दुसऱ्या दिवशी जावं लागलं, आणि त्या मुलीलाही आत्यानं तोच प्रश्न विचारला म्हणून तिथलं लग्न मोडलं, ते वेगळंच.

आता माझ्या डोक्यात पांढरे केस डोकावायला लागलेत आणि आत्या जाऊनही काही वर्षं झाली. मी रोज बोलायला आत बसते तेव्हा स्टुडिओच्या दाराबाहेर लाल दिवा लागतो. नवी आलेली पोरं विचारतात, मॅडम, हा दिवा लागला की नेमकं काय समजायचं? मी त्यांना नियम सांगते, आत यायचं नाही, आवाज करायचा नाही. पण तो दिवा लागलेला दिसला की मला दरवेळी दौंडच्या त्या खिडकीसमोर इरकल नेसून उभी असलेली आत्याच दिसते. थांबा वो, पोरगी बोलतीय.